सेफा बसला की बंद

कॉम्प्युटरला माणूस ओळखता येत नाही, असं मी गावभर सांगत आले होते. सांगायचा मला हक्क होता. नवरा गेला तेव्हा मागे एक बिघडलेलं मशीन ठेवून गेला, आणि चार बायकांत बसून रडायचा कंटाळा आला म्हणून मी ते उघडलं. शिकवायला कुणी नव्हतं. उघडायचं, बघायचं, चूक करायची, पुन्हा बंद करायचं. हळूहळू शाळेचे, चर्चचे, दुकानदारांचे बिघडलेले कॉम्प्युटरचे डबे माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडायला लागले आणि मी ओट्याशी उभ्याने जेवायला शिकले.

"मशीन निर्जीव असतं," मी लोकांना सांगायची. "ते रुसत नाही, त्याला भूत लागत नाही, आणि पाळकांनी त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना केली तर पाळकांच्या हाताला धूळ लागते, एवढंच."

आणि मग माझ्याच भाच्याच्या घरी असं मशीन निघालं, जे बहीण बसली की चालायचं आणि भाऊ बसला की बंद पडायचं.

बहीण म्हणजे लोसा, भाऊ म्हणजे सेफा. माझ्या थोरल्या भावाची मुलं. भाऊ केव्हाच देवाघरी गेला. आमच्या टोंगात बापाची बहीण म्हणजे घरातलं सगळ्यात मोठं माणूस. लग्न असो, मयत असो, आत्या मधोमध बसणार, चांगलं ते आधी तिच्यापुढे येणार, आणि ती बोलली की वर कुणी बोलणार नाही. ऐकायला छान वाटतं. पण ज्या बाईला कुणी उलटून बोलत नाही तिला कुणी काही सांगतही नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मुलांची आई, माझी वहिनी, ऑकलंडला धाकट्या एमेलिनेकडे राहायची. तिथे एका कचेरीत झाडलोट करताना तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिल्या त्या भुवया.

आमच्याकडे हो म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. भुवया वर गेल्या की हो झालं. बाहेरचा माणूस उत्तराची वाट बघत उभा असतो आणि आपण केव्हाच उत्तर देऊन मोकळे झालेलो असतो. वहिनीला देवाने नेमकं तेवढं ठेवलं. नाही म्हणायला मान हलवावी लागते, ती तिला हलवता येत नव्हती. म्हणजे तिच्याजवळ फक्त हो उरलं होतं. नाही असलं तर ती नुसती बघत राहायची.

सेफाला तिच्याकडून एक हो हवं होतं.

तोही पूर्वी ऑकलंडलाच होता, इमारतींना परांच्या बांधायचा. एका शनिवारी दारू पिऊन मारामारी केली, समोरच्याचा जबडा मोडला, आत गेला, आणि बाहेर आल्यावर तिथल्या सरकारने त्याला विमानात बसवून आमच्याकडे परत पाठवला. तिथल्या विमानतळावर निरोप द्यायला सगळे आले होते, चर्चची माणसं, परांचीवरचे सोबती. आई आली नाही. पुढे फोनवर मायलेकरं सगळं बोलायची. रताळी कशी आली, छपराचं काय केलं, कोण गेलं. त्या दिवसाचं मात्र दोघांनीही कधी काढलं नाही. दोघांनाही वाटलं असेल, वेळ आहे. मग तिची वाचाच गेली, आणि सेफाला तर त्या देशाचं दार बंद.

"आत्या, मी फार विचार केला," तो मला म्हणाला होता. "‘अजून रागावली आहेस का’ असं विचारलं आणि भुवया वर गेल्या तर मी मेलोच. म्हणून असं विचारणार, आई, तू मला माफ केलंस ना? म्हणजे हो आलं की झालं."

"मग विचार की. अडलंय कुठं?"

"मशीन अडतंय."

फोनवर तिला दाखवता काय येणार? चेहरा दिसायला हवा. समुद्राखालून इंटरनेटची नवी केबल आली ते वर्ष. आमचे फोन अजून बटणांचे होते. लोसाने कुठूनतरी एक जुना कॉम्प्युटर मिळवला, वर कॅमेरा बसवला, आणि दुपारी दवाखान्यात भेटायच्या वेळेला एमेलिने तिकडून आपला फोन आईच्या तोंडासमोर धरायला लागली. शहरात नेटचं एक दुकान होतं, तिथेही सेफा एकदा जाऊन आला. शेजारच्या खुर्च्यांवर शाळेची पोरं बंदुका चालवत होती, दर मिनिटाला कुणीतरी मरत होतं. "तिथं आईसमोर कसा बसू, आत्या?" म्हणाला. बरोबरच होतं.

आता भाऊ-बहिणीचं. मोठी झाल्यावर भाऊ आणि बहीण एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांसमोर सैल बोलत नाहीत. मर्यादा असते. सेफाच्या घरात पुढे एक खोली आणि मागे अंगण ओलांडून स्वयंपाकाचं खोपटं. लोसा किनाऱ्यावरच्या पाहुणघराच्या चादरी धुऊन-इस्त्री करून द्यायची, त्यावर घर चालायचं. दुपारी आधी लोसा आईशी बोलायची. बोलून झालं की मागच्या दाराने निघून कामाला लागायची, तिच्या चपला वाजल्या की सेफा पुढच्या दाराने आत यायचा. इतक्या वर्षांत दोघांची त्या खोलीत कधी गाठ पडली नव्हती.

मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा लोसाच्या वेळेला बसले. मशीन लोण्यासारखं चाललं.

"आई, काल एमेलिनेने केस विंचरले का नीट?"

भुवया वर.

"आत्या आल्यात बघ. जाड झाल्यात ना?"

भुवया वर. लगेच.

"वहिनी," मी म्हटलं, "वाचा गेली पण अक्कल शाबूत आहे म्हणायची."

ती हसली असावी. चेहऱ्याची डावी बाजू जराशी हलली. मग लोसा उठली, चपला वाजल्या, आणि सेफा आला. अंघोळ करून, केसांना तेल लावून, कमरेला चटई बांधून. चर्चला जाताना मान म्हणून बांधतो ती चांगली चटई. खुर्चीवर ताठ बसला आणि सुरू झाला.

"आजचा दिवस दाखवला त्या परमेश्वराचे आभार. माझ्या बापाच्या कुळाला माझं नमन. आत्या इथं बसल्या आहेत, त्यांच्यासमोर तोंड उघडतो, त्याची क्षमा असावी. आई, तुझ्या कुळाला, तुझ्या गावाला नमन. दवाखान्यातल्या डॉक्टरांना, नर्सबाईंना, एमेलिनेच्या हाताला..."

आमच्यात मीठ मागायचं झालं तरी आधी देवाचे आभार मानावे लागतात. मनातलं काही मागायचं असेल तर विचारूच नका. वहिनी बघत होती. सेफाने घसा साफ केला. "आई, मला तुला एक..."

टक्क. पडदा काळा. पंख्याचा आवाज उतरत उतरत थांबला. मग आपोआप पुन्हा सुरू होऊन, काही घडलंच नाही अशा थाटात, मशीनने सकाळचा नमस्कार घातला.

"बघितलंत?" सेफा म्हणाला. "दर वेळेला. अगदी इथपर्यंत येतं आणि मग."

पुन्हा जोडून बघितलं. पुन्हा पडलं. तोपर्यंत तिकडे भेटायची वेळ संपली होती.

मी डबा उचलून घरी आणला. उघडला. आत पालीचा सांगाडा निघाला, शेपटीसकट, इतका नाजूक की फेकायला जीव होईना. आनंद झाला मला. पाल म्हणजे आमच्याकडच्या निम्म्या बिघाडांचं उत्तर. धूळ झाडली, खाऱ्या हवेने हिरवी पडलेली टोकं घासली, मेमरी काढून पुन्हा बसवली, मधल्या चिपवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. मग चालू करून ठेवलं. दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशीही. मी त्याच्यासमोर बसून जेवले, झोपले, भांडी घासली, मुद्दाम चार कामं एकदम करायला लावली. हूं की चूं नाही.

परत नेऊन जागेवर ठेवलं. लोसा बसली, चाललं. सेफा बसला, देवाचे आभार, बापाचं कूळ, आत्याची क्षमा, टक्क.

मग गावाला विषय मिळाला. संध्याकाळी कावा, म्हणजे मुळांचं गुंगीचं पाणी, प्यायला बसणारी मंडळी तर तयारच असतात. मी तिथून जात होते तेव्हा माझ्या कानावर आलं.

"सेफा, ऑकलंडने तुला विमानात घालून हाकललं, आता तारेतून पण हाकलतंय रे!"

"मशीनने व्हिसा मागितला असेल."

"अरे, तू भाषण किती लांब करतोस. मशीन झोपतं बिचारं. मी पण झोपलो असतो."

सेफाही हसला. वाटीतला कावा एका घोटात प्याला आणि हसत राहिला. मला ते हसणं आवडलं नाही.

मी हट्टाला पेटले. वीज ज्यातून येते तो आतला डबा म्हातारा झालाय, हे मला दिसत होतं. माझ्याकडे दुसऱ्या मशीनमधून काढलेला एक होता, तो बसवला. पण तोही त्याच वयाचा, फरक पडला नाही. नवा मिळायचा तर ऑकलंडहून, कुणाच्यातरी पेटीतून, नाताळला. वीज गेली की सांभाळणारा बॅटरीचा डबा शाळेत होता, पण तो कधीच मेला होता आणि मुख्याध्यापक त्याला दाराला अडकण म्हणून वापरत होते. मी मशीनवर पंखा लावून बघितला. खिडकीपासून हलवून बघितलं. शेवटी सेफाला म्हटलं, तू खुर्चीवर बसू नको, खाली जमिनीवर बस. का म्हटलं ते माझं मलाही माहीत नाही. तो मुकाट्याने खाली बसला. आत्याने सांगितलं ना! खालूनही तेच.

"दादाची चटई काढून बघा," लोसा एकदा दारामागून म्हणाली, माझ्याशी, त्याच्याशी नाही. "चटईत काही असेल तर."

"चटईत काय असणार गं? वीज?"

"मला काय कळतं, आत्या," ती म्हणाली आणि दारामागून निघून गेली. माझ्या आवाजात आत्या आली होती.

रविवारी बसून बघितलं असतं तर तेव्हाच उलगडलं असतं. पण रविवारी आमच्याकडे चर्च, जमिनीतल्या भट्टीतलं जेवण आणि झोप. मशीनला कुणी हात लावत नाही. दुसऱ्या कशालाच लावत नाही.

मग एमेलिनेचा फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, आता काही सांगता येत नाही, घरच्यांना भेटून घ्यायचं असेल तर घ्या. ती रडत नव्हती, थकली होती. "आत्या, दादाला सांगा ना काहीतरी करून बोल म्हणून. आई दुपार झाली की फोनकडे बघत राहते."

मी सेफाकडे गेले. तो नीरफणसाखाली कंद सोलत बसला होता.

"चल. आज पुन्हा बसू."

"नको, आत्या."

"नको म्हणजे?"

"मशीनमध्ये काही बिघाड नाही. तुम्ही एवढं बघितलंत, तुम्हाला सापडलं का काही?" त्याने साल दूर फेकलं. "ती बंद करते. विमानतळावर नाही आली, तसंच. मी विचारायला लागलो की तिला ऐकायचं नसतं."

"वेड्या, तिला साधा चमचा धरता येत नाही. ती तिकडून तुझं मशीन कशी बंद करेल?"

"मला नाही माहीत. तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. गावभर मी सांगत फिरत होते की मशीन रुसत नाही, आणि माझा चाळिशी ओलांडलेला भाचा माझ्यासमोर बसून सांगत होता की आई रुसली आहे, आणि त्याला खोटं ठरवायला माझ्याकडे एक पालीचा सांगाडा होता.

"एकदा," मी म्हटलं. "माझ्यासाठी. आत्या म्हणून सांगतेय."

हे म्हटल्यावर त्याला उठावंच लागलं. चटई बांधून आला. लोसाचं बोलणं झालं, चपला वाजल्या, तो बसला. या वेळी त्याने आभारही आटोपते घेतले. तरी मशीन पडलं. तो उठला, पुढच्या दाराने निघून गेला. मी तिथेच बसले, मग पाणी प्यावं म्हणून मागे खोपट्यात गेले.

लोसा इस्त्री करत होती. पाहुणघराची पांढरी मोठी चादर, अर्धी टेबलावर, अर्धी टोपलीत. मी मडक्यातून पाणी घेतलं आणि पीत उभी राहिले. वरचा बल्ब एकदम मंद झाला. मग पुन्हा नीट झाला. थोड्या वेळाने पुन्हा मंद.

"हे असं होतं का गं नेहमी?"

"काय?"

"बल्ब."

"हां, ते. इस्त्रीचा लाल दिवा लागला की होतं. विझला की बल्ब ठीक." ती चादर सरकवत म्हणाली. "जुना झालाय."

मी पेला खाली ठेवला. "लोसा, ही इस्त्रीची वायर कुठं जाते?"

इस्त्रीचा प्लग खिडकीशी लोंबणाऱ्या एका लांब वायरीच्या टोकाला खोचलेला होता. ती वायर खिडकीतून बाहेर, अंगणावरून, नीरफणसाच्या फांदीवरून पुढच्या खोलीच्या खिडकीत जात होती. मी तिच्यामागे गेले. खोलीत ती चटयांच्या थप्पीमागे उतरली होती, आणि थप्पीमागे, मी कधी वाकून न बघितलेल्या जागी, जमिनीवर एक प्लगची पट्टी होती. तिच्यात दोन प्लग होते. एक इस्त्रीच्या त्या लांब वायरीचा, एक मशीनचा.

इस्त्री घोट घ्यायची, वीज मंदावायची, आणि ते म्हातारं मशीन क्षणभराच्या उपासानेही डोळे फिरवून पडायचं. कधी पडायचं, कधी तगायचं. माझ्या घरी इस्त्री नव्हती. लोसा बोलत असायची तेव्हा इस्त्री थंड असायची. सेफा आत आला की मर्यादा म्हणून लोसा उठायची, मागे जाऊन रिकामं काय बसायचं म्हणून कामाला लागायची, आणि इकडे त्याचं नमन संपेपर्यंत तिकडे इस्त्री तापत आलेली असायची. मी डबा चार वेळा उघडला होता, घर एकदाही नाही.

लोसा दारात उभी होती. मी सांगायच्या आधीच तिला कळलं. तिने पदरासारखा झग्याचा काठ तोंडाशी नेला.

"दादानेच ओढून दिली होती ती वायर," ती म्हणाली. "मी पुढं इस्त्री करत बसले की त्याला बाहेर उन्हात थांबावं लागायचं. मग म्हणाला, म्हणजे फोनवर एमेलिनेकरवी निरोप दिला, की लोसाला मागे स्वतःची जागा असावी."

"मग ठीकच केलं त्याने."

"मी बंद केलं, आत्या. दर वेळेला मीच बंद केलं."

"इस्त्रीने केलं."

"इस्त्री माझ्या हातात होती." मग तिने माझा हात धरला, जो आमच्यात कुणी असा धरत नाही. "त्याला आत्ता सांगू नका. आईने एकदा हो म्हणू दे, मग मीच कुणाकरवी सांगेन. आता सांगितलं तर तो रागवायचाही नाही, आणि ते मला सहन होणार नाही."

मी कबूल केलं. सेफाला एवढंच सांगितलं की दोष सापडला, वायरीत होता, उद्या मशीन पडणार नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेवावा की नाही ते त्याला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एमेलिनेचा फोन आला. रात्री वहिनीला आणखी एक झटका येऊन गेला होता. डोळे उघडे आहेत, ऐकू येतं की नाही ते डॉक्टरांना सांगता येत नाही, पण बोला म्हणालेत.

"दादाला सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणाला, ऐकू येत असेल."

दुपारी लोसाने आपली पाळी घेतली नाही. मीच तिला बसू दिलं नाही, की तिलाच बसायचं नव्हतं, आता आठवत नाही. तिने इस्त्रीचा प्लग काढला, वायर गुंडाळली, आणि खोपट्याच्या उंबऱ्यावर उपड्या टपावर बसून राहिली, मांडीवर थंड इस्त्री घेऊन. चादरी तशाच टोपलीत.

सेफा आला. तेल, चटई, सगळं. पडद्यावर वहिनी दिसली. उशीवर डोकं जरा कलतं. एमेलिनेने केस विंचरले होते. डोळे उघडे होते आणि आमच्याकडेच होते, किंवा फोनकडे, किंवा फोनच्या मागच्या भिंतीकडे.

त्याने देवाचे आभार मानले. काही गाळलं नाही. बापाचं कूळ, माझी क्षमा, तिचं गाव, डॉक्टर, नर्स, एमेलिनेचा हात. मशीन चालत होतं. पंखा संथ घुरघुरत होता. मी मनात म्हटलं, चाल बाबा, चाल.

"आई," सेफा म्हणाला, "तू मला माफ केलंस ना?"

वहिनी बघत राहिली.

त्याने वाट पाहिली. आम्ही सगळ्यांनी पाहिली. तिकडे कुठलंतरी यंत्र टिकटिकत होतं.

"आई, सेफा बोलतोय. मी तुला विचारलं, त्या वेळचं. माफ केलंस ना?"

काही नाही.

"तिला ऐकू आलं नसेल," एमेलिनेचा आवाज आला. "मोठ्याने विचार, दादा."

तो मोठ्याने बोलला. मग हळू बोलला. मग लहानपणी तिला ज्या नावाने हाक मारायचा त्या नावाने बोलला, जे मी त्याच्या तोंडून तीसेक वर्षांत ऐकलं नव्हतं. खुर्चीवरून पुढे सरकत सरकत तो पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याच्या श्वासाने काचेवर वाफ धरली, ती त्याने चटईच्या टोकाने पुसली आणि पुन्हा विचारलं.

मशीन चालत होतं. आधी किती वेळा ते पडलं होतं! प्रत्येक वेळी मी त्याला शिव्या घातल्या होत्या. आज ते एखाद्या आज्ञाधारक पोरासारखं कामाला लागलं होतं, आणि तो न हलणारा चेहरा त्याच्यासमोर धरून ठेवत होतं. वहिनीजवळ फक्त हो होतं. हो नसलं तर ती नुसती बघायची. मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. तो अजून थोडा वेळ असाच बसला तर हे बघणं तो जन्मभर नाही म्हणून घेऊन जाणार होता. मी काय सांगणार होते त्याला? डॉक्टर काय म्हणाले ते? तो ऐकून घेईल, आत्यासमोर मान डोलवेल, आणि कावा प्यायला जाऊन हसेल.

मी उठले आणि मागच्या दाराने बाहेर गेले. लोसाने वर बघितलं.

"इस्त्री लाव," मी म्हटलं.

"आत्या?"

"लाव म्हणते ना."

आमच्यात आत्याला का म्हणून विचारत नाहीत. ती उठली. पण मला वाटतं, तिने विचारलं असतं तरी मला सांगावं लागलं नसतं. पुढच्या खोलीतून त्याचा आवाज येत होता. तिने वायर सोडली, प्लग लावला. बल्ब मंद झाला. आतून आवाज येतच राहिला. "आई. आई, इकडे बघ."

"काढ. पुन्हा लाव."

तिने काढला, लावला. बल्ब मंद झाला, वर आला. आवाज चालूच. एरवी नको तेव्हा पडायचं ते मशीन आता पडायला तयार नव्हतं. मी आजवर देवाकडे कितीतरी मशीनं चालू व्हावीत म्हणून गुपचूप प्रार्थना केली असेल, लोकांना काही का सांगेना. बंद पडावं म्हणून पहिल्यांदाच केली.

"पुन्हा."

बल्ब मंद झाला, आणि तसाच मंद राहिला. आत टक्क झालं. सेफाचा आवाज मध्येच थांबला.

लोसा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. पुढे वळसा घालून गेले तेव्हा सेफा पायरीवर आला होता, चटई कमरेवर वाकडी झालेली.

"पडलं, आत्या," तो म्हणाला. "पुन्हा पडलं. तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. मला काय कळतंय, कर्म! जुनं मशीन ते."

"अजून जोडून बघू?"

"भेटायची वेळ संपली असेल."

तो पायरीवर बसला. मी त्याच्याशेजारी बसले, गुडघे कुरकुरले. खाजणावर ओहोटी लागली होती, डुकरं चिखलात शिंपले उकरत होती. मग तो म्हणाला, "ती करणार होती, आत्या. पडायच्या जरा आधी डावी भुवई हलली. थोडं थांबलं असतं ना मशीन... तुम्ही होतात तिथं. तुम्ही बघितलीत ना?"

तो माझ्याकडे वळून बघत होता. मी भुवया वर केल्या.

मागे खोपट्यात इस्त्री तापली होती. ओल्या चादरीवर ती टेकल्याचा फस्स आवाज आला, आणि मग पुन्हा आला.